पांढरी बाजू

१

तार्याईचं प्रेत घसरगाडीवर बांधून डोंगरावरून खाली आणलं तेव्हा दुपारचे सव्वाबारा झाले होते. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात मेणकापडात गुंडाळलेली एक लहान वही निघाली. वाटाड्या इस्साटने ती टेबलावर ठेवली. कोणीच हात लावेना, तेव्हा मी उघडली. बाईंनी वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही आमच्या स्कार्विक गावच्या लोकांची जुनी सवय आहे.

शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं :

'साडेतीन. खिंडीखाली पडलो. डावा पाय मोडला. फोन फुटला.'

'साडेसहा. पाऊस. सगळं भिजलं.'

'आठ. आता सोल्रुन फळी बघत असेल. दोन तासांत येतील.'

'अकरा. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टरला उशीर होत असेल.'

'चार. पाऊस थांबला. कोणी आलं नाही.'

मी वही मिटली. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा सोल्रुनकडे गेल्या. ती दाराला टेकून उभी होती आणि तिच्या हातात अजून सकाळचा कॉफीचा थर्मास होता.

"सोल्रुन," राग्नवाल हळूच म्हणाला, "काल आठ वाजता तू फळी बघितली होतीस ना?"

प्रश्न साधाच होता. पण तो विचारला गेला त्या क्षणी खोलीतल्या निम्म्या लोकांनी उत्तर ठरवून टाकलं.

"बघितली होती," सोल्रुन म्हणाली. "सगळ्या पाट्या पांढऱ्या होत्या."

ही फळी म्हणजे काय ते सांगते. आमचं हे गेस्टहाऊस म्हणजे जुनी शाळा, समुद्रापासून शंभर पावलांवर. छत्तीस वर्षं मी तिथे शिकवलं. या घटनेच्या नऊ वर्षं आधी गावात मुलंच उरली नाहीत, शाळा बंद पडली, आणि माझ्याच विद्यार्थ्याने, राग्नवालने, ती घेऊन इथे पाहुणे ठेवायला सुरुवात केली. डोंगरावरून थेट समुद्रापर्यंत स्कीवर उतरायला येणारे काही असायचे. शाळेच्या ग्रंथालयात शेगडीजवळ बसून आठवडे काढणारे काही. तार्याई दोन्ही होता. गाव अजून त्या घराला शाळाच म्हणतं, आणि मला बाई. ग्रंथालय मीच सांभाळते.

दाराशेजारच्या फळीवर खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्यावर दोरीने टांगलेली एकेक लाकडी पाटी. नाव दोन्ही बाजूंना, पाहुण्यांचं तसंच घरातल्यांचंही. बाहेर जाताना लाल बाजू पुढे करायची, परत आलं की पांढरी. संध्याकाळी आठला एक जरी पाटी लाल असेल, तर सोल्रुनने बचावकेंद्राला फोन करायचा. कोणाला विचारत बसायचं नाही.

फौजदाराचा फोन आला. समुद्र खवळलेला होता, तो उद्या दहाच्या बोटीने येणार होता. कोणी गाव सोडायचं नाही, आणि ज्या मुलीवर फळीची जबाबदारी होती तिने तर नाहीच नाही. सोल्रुन सव्वीस वर्षांची, राग्नवालकडे कामाला. शरदात ती रुग्णवाहिकेवरचं शिक्षण घ्यायला जाणार होती. कामात हयगय करून माणूस मारला, असा शेरा बसलेल्या मुलीला तिथे कोण घेणार?

राग्नवालने समजुतीचा सूर लावला. तार्याई कदाचित जाताना पाटी लाल करायला विसरला असेल, म्हणाला. म्हणजे कोणाचाच दोष नाही.

"तो विसरला नव्हता," मी म्हटलं. "काल पावणेचारला मी ग्रंथालय बंद करून घरी निघाले तेव्हा त्याची पाटी लाल होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

आणि पाहून मी घरी गेले होते. हे कोणी बोललं नाही. मीही नाही.

२

सगळे जेवणघरात गेल्यावर मी फळीसमोर जाऊन उभी राहिले.

ही फळी माझीच. त्या हिवाळ्याच्या बेचाळीस वर्षं आधी एव्हिन नावाचा नऊ वर्षांचा मुलगा शाळा सुटल्यावर स्कीवर घरी निघाला. घरच्यांना वाटलं, वादळ आहे म्हणून बाईंनी शाळेतच ठेवून घेतला असेल. मला वाटलं, घरी पोचला असेल. तो बर्फ वितळल्यावर सापडला. त्या वसंतात मी बर्च लाकडाच्या पाट्या कापून घेतल्या आणि मुलांना एकच नियम घातला : आपली पाटी आपणच उलटायची, दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही. एव्हिन हा राग्नवालचा थोरला भाऊ. राग्नवाल तेव्हा सात वर्षांचा होता. लहानांना पाटी कशी लावायची ते तोच दाखवायचा.

दाखवण्यासारखं त्यात काही होतं. पाहुणे पाटी नुसती बोटाने फिरवायचे. दोरीला पीळ बसतो, दार उघडलं की वाऱ्याने तो पीळ सुटतो आणि पाटी भलतीच बाजू दाखवू लागते. म्हणून माझी मुलं पाटी खिळ्यावरून काढून घ्यायची, उलटी करायची, दोरी सरळ करायची आणि गाठ मागे, भिंतीकडे ठेवून परत टांगायची. गाठ पुढे दिसली तर मी दारातून परत बोलवायची, बुटात बर्फ गेला तरी.

त्या दिवशी फळीवर पाहुण्यांच्या अकरा पाट्या होत्या. दहांच्या दोऱ्यांना पीळ होता. एक सरळ लोंबत होती, गाठ भिंतीकडे. तार्याईची.

तीन हिवाळे येणाऱ्या तार्याईला मी ही गाठ दहा वेळा समजावली होती. तो हसायचा आणि बोटाने पाटी गर्रकन फिरवायचा.

मी दोरीला हात लावला. अंगठा चिकटला. दोरीवर मधासारखा तांबूस डाग होता, आणि त्याचा वास ओळखायला मला चष्मा लागला नाही. नळीतलं चिकट मेण. बर्फ ओला झाला की स्कीच्या तळाला ते लावतात. काल सकाळी उणे नऊ होतं; अशा थंडीत हिरवं कडक मेण लागतं, नळीला कोणी शिवतही नाही. वारा फिरला तो दुपारी तीननंतर, पाऊस लागला पाचला.

म्हणजे पाटी उलटणाऱ्याने ती उलटण्याआधी, हवा उबदार झाल्यावर, स्की बाहेर जाण्यासाठी तयार केली होती. आणि ती माझ्या हाताखाली शिकलेल्या कोणीतरी उलटली होती.

काल संध्याकाळी या घरात माझे तीन विद्यार्थी होते. सोल्रुन, स्वयंपाकघरातली योर्डिस आणि राग्नवाल.

३

तरीही मी सुरुवात पाहुण्यांपासून केली. मुलांवर आळ घेण्याआधी बाहेरचं सगळं बघून घ्यावं, असं मला वाटतं. खरं तर मला वेळ काढायचा होता.

विबेके तीन आठवडे ग्रंथालयातल्या एकाच खुर्चीत बसून होती. ती दक्षिणेकडची, पुस्तकांचे अनुवाद करणारी. तिचं तार्याईशी भांडण सगळ्यांना ठाऊक होतं. तो पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने डोंगरांच्या उंचीच्या दुरुस्त्या लिहायचा आणि तिला ते सहन व्हायचं नाही. हा माणूस एकदा त्याच्या लाडक्या डोंगरात हरवू दे, असं ती चार दिवसांपूर्वीच जेवताना म्हणाली होती. आता तिचे डोळे सुजले होते.

"मी म्हटलं होतं, आणि तुम्ही सगळे हसला होतात," ती म्हणाली. "लिहून घ्या हवं तर."

मी म्हटलं, लिहून घेणारा उद्या येईल, मला फक्त कालची संध्याकाळ सांगा. तिने सांगितलं की पाचच्या सुमारास मेणाच्या खोलीतून इतका उग्र वास आला की तिचं डोकं दुखायला लागलं. ती खोली ग्रंथालयाला लागूनच आहे. तिला वाटलं, इस्साटच असणार, दुसरं कोण. थोड्या वेळाने दार वाजलं, ओसरीत कोणीतरी थांबलं, मग पावलं परत आत गेली. बाहेरचं दार काही उघडलं नाही. पावसाचा गारठा आत आला असता तर तिला कळलं असतं, तिचे पाय दाराकडेच होते.

इस्साट आमचा वाटाड्या. आतल्या पठारावरचा, रेनडियर पाळणाऱ्या घरातला, बोलायला तिखट. तो ओसरीच्या पायरीवर बसून बूट सुकवत होता. सकाळी तार्याईचा बिछाना न वापरलेला दिसला, तेव्हा त्यानेच त्याला शोधला आणि एकट्यानेच खाली आणला.

"या मास्तरीणबाई," तो म्हणाला. "आता माझी परीक्षा का? परवा मीच त्याला म्हटलं होतं, एकटा फिरतोस, डोंगर शिकवेल तुला. झालं, शिकवलं."

पण त्याचा आवाज चिरकला. मी त्याच्याशेजारी बसले. साडेचारला तो घसरगाडी घेऊन धक्क्यावर गेला होता. नव्या सात पाहुण्यांचं सामान आणायचं होतं. बोट लवकर दिसू लागली तशी त्याने राग्नवालला फोन केला, की अर्ध्या तासात येतात, सूप गरम ठेवा. तो परतला तेव्हा पावणेसहा वाजले होते आणि सात पाहुणे त्याच्यासोबत होते. पाच वाजता मेणाच्या खोलीत तो नव्हता, याला सात साक्षीदार होते.

मी विचारलं, आल्यावर तू फळीकडे पाहिलंस का?

"ती सोल्रुनची," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पाहायला हवं होतं. तेच म्हणायचंय ना तुम्हाला?"

तेच मला स्वतःला म्हणायचं होतं. मी उठले.

४

योर्डिस सूपाच्या भांड्यापाशी होती. चोपन्न वर्षांची, वर्गात सगळ्यात जास्त बोलणारी आणि सगळ्यात कमी लिहिणारी. गुडघा गेल्यापासून आठ वर्षं तिने स्कीवर पाय ठेवलेला नाही.

"उभं करा आम्हाला सगळ्यांना ओळीत," ती म्हणाली. "आणि खडू ठेवा टेबलावर."

ही माझ्या वर्गातली पद्धत. काच फुटली, कोणाचा डबा गेला, की मी टेबलावर खडू ठेवून फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. ज्याने केलं त्याने पुढे येऊन तो खडू आपल्या बाकावर न्यायचा. मी वळून पाहायची तेव्हा खडू ज्याच्या बाकावर, त्याला शिक्षा अर्धी. छत्तीस वर्षांत खडू टेबलावर राहिला, असं फक्त दोनदा झालं.

योर्डिस हात पुसत खाली बसली. तिला फेब्रुवारीची गोष्ट सांगायची होती, आणि ती मला ठाऊक असली तरी मी ऐकून घेतली. फेब्रुवारीत तार्याई असाच आठला परतला नव्हता. सोल्रुनने नियमाप्रमाणे फोन केला. हेलिकॉप्टर आलं, दहा माणसं डोंगरावर चढली, आणि तार्याई सापडला पलीकडच्या टोकाला, बहिऱ्या हिल्मारच्या मासे वाळवायच्या खोपटात, कॉफी पीत. वर्तमानपत्रात फोटो आला. 'कॉफीसाठी हेलिकॉप्टर' असा मथळा. महिनाभर लोक फोन करून हसायचे, आणि मार्चसाठी नोंद केलेल्या दोन तुकड्यांनी येणं रद्द केलं.

"राग्नवाल तेव्हा पोरीला फार बोलला," योर्डिस म्हणाली. "म्हणाला, पुढच्या वेळी आधी मला विचार. ती काय म्हणाली ठाऊक आहे? 'फळी लाल असली तर मी तुम्हाला विचारणार नाही, राग्नवाल. बाईंचा नियम आहे.' तोंडावर."

मग तिने आवाज खाली केला. "बाई, एक ऐका. मेलेला विसरला असं म्हणू या. मेलेल्याला काय फरक पडतो? शाळा बंद पडली तर मी या गुडघ्याने जाऊ कुठे?"

मी सूपाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. सोल्रुन मागच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. तिला मला एकच विचारायचं होतं. काल ती शाळेत आली कशी?

"बर्फावरच्या ढकलगाडीवर," ती म्हणाली. "नेहमीसारखीच. माझी स्की घरी आहे, तुटकी. का?"

"सहज."

"बाई, मी खरंच बघितली होती," ती म्हणाली. "प्रत्येक पाटीवर बोट ठेवून बघते मी. तुम्हीच शिकवलंय." आणि ती रडायला लागली, चादर तोंडावर धरून.

५

मेणाच्या खोलीत भिंतीला स्कीच्या सहा जोड्या उभ्या होत्या. मी एकेक उलटून पाहिली.

चार जोड्यांच्या तळाला कालच्या सकाळचं हिरवं मेण होतं, कडक आणि झिजलेलं. ती चार पाहुण्यांची. ती माणसं काल दुपारी एक वाजताच परतली होती, आणि आज सकाळपासून कोणाला बाहेर सोडलेलं नव्हतं.

पाचवी जोडी इस्साटची. तिला नळीतलं चिकट मेण होतं, आणि असायलाच हवं होतं, कारण आजचा बर्फ ओला होता आणि त्याच बर्फात तो तार्याईला शोधायला गेला होता. त्या मेणात बर्चच्या सालीचे कपटे, वाळू, गवताच्या काड्या रुतून बसल्या होत्या. खिंडीपर्यंत जाऊन आलेल्या स्कीचा तळ असाच दिसतो.

सहाव्या जोडीलाही चिकट मेण होतं. एकसारखं, टाचेपासून टोकाकडे नेलेलं, कडेने अंगठ्याने सपाट केलेलं. नीटनेटकं काम. त्यावर एक कण नव्हता. कपटा नाही, काडी नाही, बर्फाचा ओरखडा नाही. आरशासारखं चकाकत होतं.

ही स्की बाहेर जाण्यासाठी तयार केली होती आणि बाहेर गेलीच नव्हती.

टोकावर मालकाची आद्याक्षरं कोरलेली होती. मला ती वाचावी लागली नाहीत. ती मी कोरून दिली होती, तो दहा वर्षांचा असताना शर्यत जिंकला म्हणून दिलेल्या जोडीवर. मोठा झाल्यावर त्याने नव्या जोडीवर तशीच कोरून घेतली.

त्याच दुपारी, तार्याईचं प्रेत बोटघरात नेत असताना, राग्नवाल सर्वांना म्हणाला होता की काल जेवणापासून तो ऑफिसातून हलला नाही, आणि स्कीला तर रविवारपासून हातच लावलेला नाही.

६

मी त्याला ग्रंथालयात बोलावलं. तो पुढच्या खुर्चीत बसला, अगदी पहिल्या बाकावर बसल्यासारखा, गुडघ्यांवर हात ठेवून. एकोणपन्नास वर्षांचा माणूस.

"तुझ्या स्कीला चिकट मेण आहे," मी म्हटलं.

"आज सकाळी लावलं. इस्साटबरोबर जाणार होतो."

"मग पाटीच्या दोरीला काल आठच्या आधी कुठून लागलं?"

त्याने शेगडीत एक ओंडका सरकवला.

"गाठ भिंतीकडे आहे, राग्नवाल."

त्याने डोळे मिटले. मग तो बोलू लागला, आणि मी त्याला मध्ये अडवलं नाही.

पाचला त्याने पाटी लाल पाहिली. मनात आलं, हा पुन्हा हिल्मारकडे बसला असणार. त्याने हिल्मारला तीनदा फोन लावला, पण बहिऱ्याला फोन ऐकू जात नाही. तेव्हा स्वतःच जाऊन बघावं म्हणून त्याने मेण लावलं आणि स्की घेऊन ओसरीत आला. तेवढ्यात इस्साटचा फोन आला, की बोट लवकर येते आहे. त्या सात पाहुण्यांत प्रवासावर लिहिणारी एक बाई होती. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी चांगलं लिहायला येत होतं. पाहुण्यांची सोय लावून मग जाऊन यायला दोन तास. तोपर्यंत आठ वाजतील, सोल्रुन फोन करील, आणि त्या बाईच्या पहिल्याच जेवणात डोक्यावर हेलिकॉप्टर घुमेल.

"सोल्रुनला सांगायचंस, की थोडं थांब," मी म्हटलं.

"तिने ऐकलं नसतं."

"नसतंच ऐकलं. तुला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तू पाटी उलटलीस."

"दोन तासांचा प्रश्न होता, बाई. जेवणं आटोपली की मी जाणारच होतो."

"आणि जेवणं आटोपल्यावर?"

तो खिडकीकडे बघत राहिला.

"पाऊस होता," तो म्हणाला.

मी त्याला लिहायला शिकवलं होतं. भाऊ गेल्यावर वर्षभर तो वर्गात बोलत नव्हता, तेव्हा रोज शाळा सुटल्यावर मी त्याच्यासोबत त्याच्या घरापर्यंत चालत जात असे. त्या सगळ्याची आठवण होऊनही मला त्या क्षणी त्याच्याबद्दल काही वाटलं नाही. फक्त थकवा आला.

"उलटलीस ते एक वेळ मी समजून घेईन," मी म्हटलं. "पण आज दुपारी, वही वाचून झाल्यावर, सगळ्यांसमोर तू तिला विचारलंस, तू फळी बघितली होतीस ना. ते कशासाठी?"

"ती तरुण आहे. तिला ताकीद मिळेल, फार तर. गाव तर ती सोडणारच आहे. माझं नाव आलं तर हे घर गेलं. घर गेलं तर बोट इथे थांबायची बंद होईल. मग उरेल काय, तुम्ही आणि हिल्मार?" तो पुढे झुकला. "पावणेचारला तुम्ही लाल पाहिलीत हे फौजदाराला अजून कोणी सांगितलेलं नाही. घरातले बोलणार नाहीत, माझं बोलणं झालंय. तुमचं वय आहे, बाई. चूक होऊ शकते."

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि लाल पाहिलीत तर घरी कशा गेलात?" तो म्हणाला. "वारा फिरला होता तेव्हा. तुम्हाला हवा माझ्यापेक्षा जास्त कळते."

हे त्याने रागाने विचारलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. पावणेचारला उजेड होता, तो कधीकधी उशिरा येतो, आणि माझे पाय गारठले होते. माझ्याकडे एवढंच उत्तर होतं. ते त्याच्या पावसापेक्षा फार वेगळं नव्हतं.

मी कपाटातून खडू काढला आणि टेबलावर ठेवला.

"उद्या सकाळी नऊपासून मी इथे खिडकीकडे तोंड करून बसेन. बोट दहाला येते."

तो त्या खडूकडे पाहून हसला. लहान मुलाला हसावं तसा.

७

सकाळी समुद्र शांत होता. नऊला मी खिडकीशी बसले, पाठीमागे टेबल, टेबलावर खडू. साडेनऊला ओसरीतून पावलं आली. त्याची चाल मी कुठेही ओळखीन. दाराशी थांबली. मी मान वळवली नाही. मनातल्या मनात मोजू लागले, जसं वर्गात मोजायची. चाळीसपर्यंत पोचले. पावलं परत गेली.

खडू टेबलावर तसाच होता. आता तीनदा झालं.

फौजदार तिशीतला होता, थंडीने नाक लाल झालेला. योर्डिसने त्याला कॉफी आणि तपकिरी चीज घातलेलं वॉफल दिलं. सगळे जेवणघरात जमले होते. राग्नवालने शांतपणे, व्यवस्थित सांगितलं : दिवंगत पाहुणे अनुभवी पण विसरभोळे होते, पाटी लाल करायचं राहून गेलं असावं, सोल्रुनची नजरचूक झालीच असेल तर ती समजण्यासारखी आहे. फौजदार लिहून घेत होता. सोल्रुन टेबलाच्या टोकाला बसली होती. आदल्या दिवसापासून तिने काही खाल्लं नव्हतं.

मी उभी राहिले. वर्गात बोलायची तसं बोलले, सावकाश, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. आधी पावणेचारची लाल पाटी सांगितली, आणि ती पाहून मी घरी गेले हेही सांगितलं. मग दोरी, गाठ, डाग. मग पाच वाजताचा वास, धक्क्यावर असलेला इस्साट, योर्डिसचा गुडघा, सोल्रुनची ढकलगाडी. शेवटी कण नसलेली स्की. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी थांबले. मला वाटलं, अजूनही तो उठेल.

तो उठला नाही. मी नाव घेतलं.

विबेकेने तोंडावर हात घेतला. इस्साट उठून बाहेर गेला, आणि ओसरीत त्याने कशाला तरी लाथ मारल्याचा आवाज आला. फौजदाराने राग्नवालला विचारलं, हे खरं आहे का. राग्नवालने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो.

योर्डिसने कमरेचा एप्रन सोडला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "झालं समाधान, बाई?" ती म्हणाली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

मी सोल्रुनजवळ गेले. तिचा हात हातात घ्यावा असं वाटलं. तिने तो मागे घेतला.

"तुम्ही लाल पाहिली होती," ती म्हणाली. "मी चार पावलांवर होते, स्वयंपाकघरात. जाताना मला नुसतं सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

ती शरदात गेली, ठरल्याप्रमाणे. पत्र येत नाही, आणि ते मी समजू शकते.

राग्नवालला फौजदाराने त्याच बोटीने नेलं. बाहेर पडताना तो फळीसमोर थांबला. फौजदाराला वाटलं असेल, टोपी घेतो आहे. त्याने आपली पाटी खिळ्यावरून काढली, उलटी केली, दोरी सरळ केली आणि गाठ भिंतीकडे ठेवून परत टांगली. मग दार उघडून बाहेर गेला.

त्याला अडीच वर्षं झाली. त्याची शिक्षा संपली, असं कोणीतरी म्हणत होतं. तो इकडे आला नाही. शाळा बंद आहे, बोट आता फक्त मंगळवारी थांबते, तीही कोणी बावटा लावला तर. किल्ली माझ्याकडे असते. पुस्तकांना ओल लागू नये म्हणून आठवड्यातून एकदा मी शेगडी पेटवते आणि दुपारभर बसते. तार्याईने समासात लिहिलेल्या डोंगरांच्या उंच्या मी नकाशाशी ताडून पाहिल्या. बरोबर आहेत.

फळीवर एकच पाटी लाल आहे. जाता-येताना माझी नजर तिच्यावर पडते, आणि कधीकधी हात खिळ्यापर्यंत जातो. मग मी तो मागे घेते. दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही.